गव्हांकुराच्या रसाने थॅलेसेमिया जात नाही, आणि पीजीआयनेही तसं म्हटलेलं नाही

परत तो मेसेज फिरायला लागलाय. गव्हांकुराचा रस म्हणजे 'हिरवं रक्त', त्यातल्या क्लोरोफिलचं शरीरात हिमोग्लोबिन होतं, चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी वैद्यकीय संस्थेने हे सिद्ध केलंय, रोज रस प्या आणि थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे जन्मजात आजार मुळापासून घालवा, रक्त चढवायची गरजच उरणार नाही, सोबत बीट-डाळिंब-गूळ खा, आणि डॉक्टर हे सांगणार नाहीत कारण त्यांचा धंदा बसेल. थॅलेसेमियाच्या मुलांच्या पालकांमध्ये माझी उठबस आहे आणि हा मेसेज आला की कुणीतरी हमखास विचारतं की मग या वेळचं रक्त पुढे ढकलू का. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिलं पीजीआयचंच घेऊ, कारण मेसेजमधल्या या एकाच गोष्टीला खरा आधार आहे. अभ्यास झालाय. २००४ साली 'इंडियन पेडियाट्रिक्स' या जर्नलमध्ये छापून आलाय. थॅलेसेमिया मेजरच्या, म्हणजे नियमित रक्त चढवावं लागतं अशा तीव्र प्रकारच्या, पेशंटना घरीच कुंडीत गहू पेरून रोज १०० मिली रस घ्यायला सांगितलं आणि आधी किती रक्त लागायचं, रस सुरू केल्यावर किती लागलं ते ताडून बघितलं. हिशोबात धरलेले पेशंट फक्त १६. त्यातल्या ८ जणांची रक्ताची गरज २५ टक्क्यांहून जास्त घटली, बाकीच्या ८ जणांची तेवढी घटली नाही. म्हणजे ज्यांना फरक पडला त्यांनाही रक्त लागतच होतं, थोडं कमी लागलं इतकंच. बरं झाला असं त्या पेपरमध्ये कुणाबद्दलच म्हटलेलं नाही. आणि रस न घेणारा दुसरा गट शेजारी ठेवलेला नव्हता, त्यामुळे घटलं ते रसामुळेच असं छातीठोकपणे सांगता येत नाही. मुलाचं वजन वाढतं, प्लीहा मोठी होते, दोन ट्रान्सफ्युजनमधलं अंतर बदलतं, रक्ताच्या पिशवीत लाल पेशी कमीजास्त असतात, या सगळ्याने वर्षाला लागणारं रक्त बदलतं. संशोधकांनी शीर्षकातच पायलट स्टडी लिहिलंय, म्हणजे मोठ्या अभ्यासाआधीची चाचपणी. पुढे दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी गव्हांकुराच्या गोळ्या देऊन बघितल्या, तो निकाल २००९ मध्ये आला, आणि त्यात रक्ताची गरज कमी झालेली दिसली नाही. आता गोळी म्हणजे ताजा रस नव्हे असं कुणी म्हणेल, ठीक आहे, मान्य, पण मग ताज्या रसाचा मोठा, नीट तुलना असलेला अभ्यास व्हायला हवा, 'सिद्ध झालंय' म्हणून मोकळं होता येत नाही. मेसेजमध्ये २००४ येतं, २००९ कधीच येत नाही.

दुसरं, क्लोरोफिलचं हिमोग्लोबिन होतं म्हणे. हे ऐकायला इतकं पटतं की चांगली शिकलेली माणसंही मान डोलावतात, कारण अर्धी गोष्ट खरी आहे. दोन्हीच्या रेणूत साधारण सारखंच कडं असतं, एकात मधे मॅग्नेशियम आणि दुसऱ्यात लोह. हान्स फिशर यांना १९३० चं नोबेल याच दोन रंगद्रव्यांच्या रचनेवरच्या कामासाठी मिळालं. पण रचना सारखी दिसली म्हणून पोटात एकाचं दुसरं होत नाही. जठरातल्या आम्लाने क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून जातं, जे उरतं ते फारसं शोषलं जात नाही, आणि ते कडं उचलून त्यात लोह बसवण्याची सोय माणसाच्या शरीरात नाही. आपलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधलं ते लोहवालं कडं, आपलं शरीर साध्या कच्च्या मालापासून स्वतःच बनवतं.

आणि समजा बनलंच हीम, तरी उपयोग काय? थॅलेसेमियात हीम कमी पडत नाही हो. हिमोग्लोबिन म्हणजे हीम अधिक ग्लोबिन नावाची प्रथिनं. बीटा थॅलेसेमियात ११ व्या क्रोमोसोमवरच्या जीनमध्ये बिघाड असतो म्हणून बीटा ग्लोबिनची साखळी पुरेशी बनत नाही, जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीत साचतात आणि लाल पेशी हाडांच्या मगजातच मरतात. सिकलसेलमध्ये साखळी बनते पण सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, तेवढ्या एका फरकाने ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून पेशी विळ्यासारखी वाकते. आईबापाकडून आलेला हा जीन रसाने दुरुस्त होत नाही.

तिसरा मुद्दा बीट, डाळिंब, गूळ, आणि इथे मला खरंच राग येतो. हा सल्ला लोह कमी असणाऱ्यांसाठी आहे. थॅलेसेमिया मेजरच्या मुलाचा प्रॉब्लेम नेमका उलटा असतो, रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून २०० मिलिग्रॅमच्या आसपास लोह अंगात जातं आणि शरीर दिवसाला जेमतेम १-२ मिलिग्रॅम बाहेर टाकू शकतं. ते लोह हृदयात, लिव्हरमध्ये, ग्रंथींमध्ये साठतं, म्हणून तर डेफेरासिरॉक्ससारखी लोह बाहेर काढणारी औषधं रोज घ्यावी लागतात. बीट खाल्ल्याने आभाळ कोसळणार नाही, पण 'रक्त वाढवायला' म्हणून घरच्यांनी आयर्नचं टॉनिक सुरू केलं तर ते सरळ नुकसान आहे. आहारातली कुठली वनस्पती इथे कामाची असेल तर ती म्हणजे साधा चहा, त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, आणि क्वचितच रक्त लागणाऱ्या थॅलेसेमिया इंटरमीडियाच्या पेशंटना जेवणासोबत चहा घ्या असं डॉक्टरच सांगतात. यावर कुणी फॉरवर्ड बनवत नाही.

आता 'डॉक्टर सांगणार नाहीत', म्हणजे वनस्पतींवरचं संशोधन दाबून ठेवलंय, हा आरोप. उलट आहे. सिकलसेलवर नायजेरियात लवंग, ज्वारीची पानं वगैरे चार वनस्पतींपासून निप्रिसान नावाचं औषध बनवलं गेलं, आपल्या रोजच्या तुरीच्या अर्काचीही तिथे पेशंटवर चाचणी झाली, आणि या दोन्हींचा कोक्रेन या औषधोपचारांचे पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आढावा घेतला, निष्कर्ष असा की निप्रिसानने वेदनेचे झटके कमी होत असतील पण पुरावा तोकडा आहे, मोठ्या चाचण्या हव्यात. द्राक्षातल्या रेस्व्हेराट्रॉलने प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये गर्भातल्या बाळाचं असतं त्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं हेही दिसलंय, आणि ते वाढणं दोन्ही आजारांत फायद्याचं असतं, पण तोंडाने घेतलं की आतडं आणि लिव्हर त्याची इतकी झटपट वासलात लावतात की पेशींवर वापरलेल्या प्रमाणात ते रक्तात पोचतच नाही.

व्हॅनिलाची गोष्ट तर मी प्रत्येकाला सांगतो. व्हॅनिलाच्या वासाचं जे द्रव्य, व्हॅनिलिन, ते सिकलसेलच्या हिमोग्लोबिनला चिकटून पेशी वाकू देत नाही हे शास्त्रज्ञांना काही दशकांपूर्वीच दिसलं होतं. पण पोटात गेल्यावर ते टिकत नाही. मग त्याच प्रकारच्या रेणूंवर काम करत करत व्हॉक्सेलोटर नावाची गोळी निघाली, २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, हिमोग्लोबिन खरंच वाढायचं. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने ती जगभरातून मागे घेतली, कारण नंतरच्या आकडेवारीत वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचं प्रमाण काळजी करण्यासारखं दिसलं. इतकी वर्षं तपासलेल्या गोळीची ही कथा, तर १६ पेशंटच्या चाचपणीवर आपण मुलाचं रक्त थांबवायचं?

रक्त थांबवलं की काय होतं ते मेसेज लिहिणाऱ्याला बघावं लागत नाही. मेजरच्या मुलाचं हिमोग्लोबिन पुढच्या पिशवीआधीही ९-१० च्या खाली जाऊ नये असं बघतात. ते घसरत राहिलं की हाडांमधला मगज फुगतो, गालाची-कपाळाची हाडं पुढे येतात, प्लीहा वाढते, वाढ खुंटते, हृदयावर ताण येतो, आणि हाडांचा बदललेला आकार नंतर कितीही रक्त दिलं तरी नीट परत येत नाही. सिकलसेलवाल्यांनी झटके कमी ठेवणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध बंद करून रस घेतला तर झटके परत वाढतात. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबारसारख्या भागात जिथे रात्री दवाखाना गाठणंच अवघड, तिथे एक झटका फार महागात पडतो.

कुणाला रस घ्यायचाच असेल तर घ्या, पण डॉक्टरांना सांगून, रक्ताची तारीख आणि औषधं तशीच ठेवून. प्लीहा काढलेली असेल किंवा डेफेरिप्रोन हे लोह काढणारं औषध सुरू असेल तर मातीतल्या ट्रेमधला कच्चा रस देण्याआधी नक्की विचारा, अशा मुलांना इन्फेक्शन पटकन आणि जोरात होतं, आणि त्या ट्रेमध्ये बुरशीही लवकर धरते.