‘पैसे घेऊन शिकवत नाहीत’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

माननीय पालक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी ‘स्वतःची मोटार स्वतः बनवा’ या विजेच्या छोट्या मोटारीच्या सत्राला आपण मुलाला घेऊन आला होतात आणि त्यानंतर मुलांसाठीच्या आमच्या विज्ञान कार्यशाळेला एक तारा देऊन आपण सविस्तर अभिप्राय लिहिला आहे. हॉलमध्ये उकाडा होता, पालकांना बसायला जागा नव्हती, चारशे रुपये घेऊन मुलांच्या हातात भंगार दिले जाते, केगावच्या विज्ञान केंद्रात याहून कितीतरी जास्त पाहायला मिळते, आणि शेवटी, ‘हे लोक पैसे घेऊन शिकवत नाहीत, ताई नुसत्या उभ्या राहतात आणि वर पालकांवरच ओरडतात’, असे आपले म्हणणे आहे.

उकाड्याचा आणि उभे राहण्याचा आपल्याला त्रास झाला, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. सोलापूरचा मे महिना आणि डोक्यावर पत्रा, अशी आमची जागा आहे. पंख्यांची आणि खुर्च्यांची काही ना काही सोय आम्ही लवकरच करत आहोत.

मात्र ‘शिकवत नाहीत’ हे वाक्य माझ्या जिव्हारी लागले आहे, म्हणून त्या दिवशी आपल्या मुलाच्या टेबलावर काय घडले ते इथे लिहिणे मला भाग आहे. हा अभिप्राय वाचून सुट्टीच्या बॅचसाठी विचारणा करणारे पालक मागे फिरू लागले आहेत, आणि सुट्टीचे हे दोन महिनेच आमचे वर्षभराचे भाडे काढून देतात.

आमच्या मोटारीचे सामान अगदी साधे असते. दीड व्होल्टचा एक सेल, त्याच्या दोन्ही टोकांना रबर बँडने बांधलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलवर बसवलेले एक लोहचुंबक आणि पिनांच्या नेढ्यांत अडकवायचे तांब्याच्या तारेचे एक वेटोळे. ही तार मोटार वाइंडिंगमध्ये वापरतात तीच असते, म्हणजे तिच्यावर इनॅमलचा पातळ लेप असतो आणि तो खरवडल्याशिवाय वीज पिनेतून तारेत जात नाही. सगळी खुबी या खरवडण्यात आहे. वेटोळ्याचे एक टोक चारही बाजूंनी स्वच्छ करायचे, पण दुसऱ्या टोकाचा फक्त अर्धा भाग खरवडायचा आणि उरलेल्या अर्ध्यावर इनॅमल तसेच ठेवायचे. असे केले की अर्ध्या फेरीत वीज वाहते आणि चुंबकाजवळ वेटोळ्याला धक्का मिळतो. उरलेल्या अर्ध्या फेरीत तोच धक्का उलट्या दिशेने बसला असता, पण तेव्हा वीज बंद असते आणि वेटोळे मिळालेल्या गतीवर पुढे निघून जाते. कारखान्यातल्या डीसी मोटारीत कम्युटेटर (वेटोळ्यासोबत फिरणारी तांब्याची कडी) आणि तिला टेकलेले कार्बन ब्रश मिळून वीज योग्य वेळी उलटवतात, म्हणून धक्का सतत एकाच दिशेने बसत राहतो. आमच्या मोटारीत ती वेळ साधण्याचे काम हे अर्धवट खरवडलेले टोक करते. यंत्रमागांच्या मोटारी रिवाइंड करण्यात, म्हणजे त्यांची तार नव्याने गुंडाळण्यात, माझे अर्धे आयुष्य गेले आहे, त्यामुळे या एका गोष्टीवर मी जरा जास्तच लिहितो आहे, हे समजून घ्यावे.

आपल्या मुलाने सेलभोवती तार गुंडाळून वेटोळे छान गोल केले होते. त्याने पहिले टोक पॉलिश पेपरने साफ केले, दुसऱ्या टोकाशी तो थांबला आणि तार बोटांत फिरवत नेमका कोणता अर्धा भाग ठेवायचा याचा विचार करू लागला. आमच्या शिकवणाऱ्या ताई त्या वेळी शेजारी उभ्या होत्या, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. त्या बोलत नव्हत्या, कारण मूल विचार करत असताना बोलायचे नाही, ते अडले तर आधी ‘तुला काय वाटते?’ असे विचारायचे आणि त्याच्या हातातले काम आपल्या हातात घ्यायचे नाही, हे आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून सांगितलेले आहे. तेवढ्यात आपण पुढे येऊन ‘दे इकडे, किती वेळ लावतोस’ असे म्हणत तार त्याच्या हातातून घेतली आणि दोन्ही टोके लखलखीत साफ करून दिली. आपण प्रेमापोटीच तसे केले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दोन्ही टोके पूर्ण साफ झाली की वीज बंद होतच नाही, वेटोळे थोडे हलून जागेवरच अडकते आणि अडकलेल्या वेटोळ्यातून सलग वीज वाहत राहिल्याने सेल तापू लागतो. आपण ‘निकृष्ट दर्जाचा सेल हाताला चटके देत होता’ असे जे लिहिले आहे, त्याचे कारण हे आहे. सेल नेहमीच्या दुकानातला, चांगल्या कंपनीचाच होता.

ताई ‘काढा, आधी ते वेटोळे काढा’ असे मोठ्याने म्हणाल्या, ते सेल तापत होता आणि समोर मुलांचे हात होते म्हणून. त्यांचे बालपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेले आहे आणि तिथे हळू बोललेले कुणाला ऐकू जात नाही, त्यामुळे त्यांचा आवाज मुळातच चढा आहे. त्यामागे आपला अपमान करण्याचा हेतू नव्हता. आपला अभिप्राय वाचल्यापासून त्या फार खिन्न आहेत.

मुलाला आधी हात घालू द्यायचा, चुकू द्यायचे आणि मग विचारायचे, ही पद्धत आमच्या आळसातून आलेली नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये एक्स्प्लोरेटोरियम हे संग्रहालय सुरू केले, ते मांडलेल्या वस्तू लोकांनी हाताळाव्यात, त्यांच्याशी खटपट करावी याचसाठी. आपल्या पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि टाकाऊ वस्तूंतून मुलांसाठी विज्ञानाची खेळणी घडवली. आम्ही त्यांच्यापुढे फार लहान आहोत, पण वाट तीच धरली आहे.

म्हणूनच ‘भंगार’ हा शब्दही मला लागला. आमच्या टेबलावरच्या सूत गुंडाळायच्या बॉबिन, कोन आणि जकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्रणेचे, छिद्रे पाडलेले जुने पत्ते यंत्रमाग कारखान्यांतून येतात. ज्या पत्त्यांवर सोलापुरी चादरीची नक्षी विणली जाते, त्यात छिद्र असेल तिथे धागा वर उचलला जातो आणि छिद्र नसेल तिथे खालीच राहतो. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जकार्ड या संशोधकांनी आणलेल्या या युक्तीचा धागा पुढे थेट संगणकाला माहिती पुरवणाऱ्या छिद्रांच्या कार्डांपर्यंत जातो. घरातली चादर कशी विणली जाते हे सोलापूरच्या मुलाला स्वतः पत्त्याला छिद्रे पाडून कळावे, यासाठी आम्ही ते गोळा करतो.

केगावच्या विज्ञान केंद्राबद्दल आम्हालाही अभिमान आहे आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही तिथे जायला सांगतो. तिथे जे मांडलेले आहे ते आमच्याकडे कधीच होणार नाही. आमच्याकडे मूल एकच वस्तू करते, पण ती स्वतः करते. चारशे रुपयांत तार, सेल, चुंबक, ताईंचे मानधन, भाडे आणि वीजबिल येते. अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू बनवून पाहायच्या शाळेतल्या प्रयोगशाळेसाठी, निवडलेल्या शाळांना केंद्र सरकारकडून २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. आमच्यासारख्या खासगी जागेला ते मिळत नाही.

सत्राच्या सुरुवातीला पालकांना चार गोष्टी समजावून सांगण्याचा आणि तशी सूचना भिंतीवर लावण्याचाही आमचा विचार आहे.

आपल्या मुलाचे वेटोळे ताईंनी जपून ठेवले आहे. ते आता चालणार नाही, पण त्याने केलेला गोल चांगला आहे आणि नवी तार आम्ही देऊ. येत्या कोणत्याही रविवारी आपण त्याला पाठवावे, त्याचे शुल्क घेतले जाणार नाही, आणि आपण सोबत आलात तर आपल्यासाठीही स्वतंत्र सेल व तार ठेवू. ताऱ्यांची संख्या आपल्याला योग्य वाटेल ती राहू द्यावी. फक्त ‘शिकवत नाहीत’ हे एक वाक्य, हे सारे वाचल्यावर आपल्याला पटले तर, कृपया बदलावे.

आपला नम्र,
कार्यशाळा संचालक, सोलापूर