जबडा वाजतो म्हणून झटका मारून घेऊ नका

“जबडा कटकट वाजतो म्हणजे सांधा सरकला. चोळणाऱ्याकडून एक झटका मारून घ्या, कायमचा बसतो.” यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावोगावच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतो आहे. तो खरा नाही.

कानापुढचा हा सांधा पुष्कळांचा वाजतो. आतली चकती तोंड उघडताना पुढेमागे सरकते, त्याचा तो आवाज. दुखत नसेल, तोंड अडकत नसेल तर इलाज लागत नाही. मालीशने चकती जागेवर येत नाही. आराम मिळतो तो स्नायूंना. दात दाबले की गालाच्या हाडाखाली फुगवटा हाताला लागतो ना, तिथे. दात सैल सोडून दोन बोटांनी हलकेच गोल चोळा, गरम ओला फडका ठेवा, काही दिवस मऊ खा. ठणका कमी होतो, पण कायमचा जाईल अशी हमी नाही. झटका मात्र कोणाकडूनच नको. तोंड उघडंच अडकलं तर सरळ दवाखाना.

अन् आपल्याकडे खरी भानगड खर्ऱ्याची, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेल्या मिश्रणाची आहे! खर्रा खाणाऱ्याचं तोंड उघडेनासं झालं की दोष बरेचदा सांध्याचा नसतोच. सुपारीने गालाची आतली कातडी पांढुरकी, ताठ होत आवळते. तिखट लागताच आग होते. पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर खर्रा बंद करून दाताच्या डॉक्टरला दाखवा. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहेच.