फाटक पाहावे ते रंग वाळल्यावर

लोखंडी फाटक करून घेण्याचा योग आला, तर पहिली खबरदारी ही घ्यावी की त्याला रंग लागून तो वाळेपर्यंत आपण कारागिराच्या शेडकडे फिरकू नये. वेल्डिंगचा जोड नुकता मारलेला असतो, वरचे स्लॅगचे, म्हणजे वेल्डिंगच्या मळीचे, काळे कवच हातोडीने उडवून तारेचा ब्रश फिरवलेला असतो, तेव्हा त्यात जे काही बरेवाईट असेल ते सगळे उघड्यावर पडलेले असते, आणि कोणाचेही काम अशा अवस्थेत पाहणे सभ्य माणसाला शोभत नाही. ग्राइंडर फिरू द्यावा, खाचाखोचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरू द्यावी, रेड ऑक्साइडच्या अस्तराचा हात बसू द्यावा, त्यावर चकचकीत ऑइल पेंट चढू द्यावा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती हीच.

मग जावे आणि कोपऱ्यावरून तळहात फिरवावा. हाताला काहीही लागले नाही, तर मान डोलवून ‘जोड कुठे आहे तेच कळत नाही’ असे म्हणावे. हे वाक्य शब्दशः खरे असण्याची शक्यता बरीच असते. काटकोनात भिडलेल्या दोन पाइपांच्या बगलेत भरलेला धातू त्रिकोणी असतो, आणि त्याचे बळ मुळापासून, म्हणजे दोन पाइप भिडतात त्या कोपऱ्यापासून, पृष्ठभागापर्यंतच्या सर्वांत कमी अंतरावर ठरते; त्रिकोणाची बाजू ३ मिलिमीटर असेल तर हे अंतर जेमतेम २.१ मिलिमीटर भरते. ग्राइंडरने त्यातला एक मिलिमीटर उडवला, की निम्मे बळ शेडच्या जमिनीवर चुऱ्याच्या रूपाने पडलेले असते. चाक जरा घसरले तर शेजारची पाइपची भिंतही सोलून निघते, आणि ती मुळातच दीड-दोन मिलिमीटरची असते. पण गुळगुळीतपणाची किंमत मोजावीच लागते.

एखादा खवट शेजारी आपल्याला रंगाआधीच ओढून नेईल, तर त्याच्या प्रत्येक शंकेचे उत्तर तयार ठेवावे. जोडाच्या कडेने नख फिरवून तो खोदल्यासारखी बारीक चर दाखवील आणि याला अंडरकट म्हणतात, करंट जास्त झाला किंवा वितळून जोड भरणारा वेल्डिंगचा रॉड पाइपपासून लांब धरला की पाइपची कड वितळते पण भरून येत नाही, असे सांगेल. आपण म्हणावे की ही पावसाच्या पाण्यासाठी ठेवलेली पन्हळ आहे. तो टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दाखवील, रॉड दमट होते किंवा पाइपवरचा गंज न घासताच काम उरकले असे म्हणेल; पाइप जस्ताचा मुलामा दिलेला निघाला, तर लोखंड सुमारे १५०० अंशांना वितळते आणि जस्त ९०७ अंशांनाच उकळून वायू होते, तो वायू जोडातून वाट काढतो, हेही ऐकवील. त्याला सांगावे की लोखंडालाही श्वास घ्यावा लागतो.

मात्र एका जोडापुढे आपण दोघांनीही हात जोडावेत. तो गोल, फुगीर, एकसारख्या खवल्यांचा, जणू वेणी घालून पाइपवर अलगद ठेवलेला असतो. ‘ठेवलेला’ हाच त्याच्यासाठी नेमका शब्द आहे. करंट कमी पडला की रॉड वितळतो, पण पाइप पुरेसा वितळत नाही. धातू वर गोठतो आणि कडेखाली ब्लेडचे टोक सहज शिरते. याउलट चांगला जोड पुष्कळदा दिसायला अगदीच सामान्य, थोडा चपटा आणि दोन्ही पाइपांत सावकाश उतरत गेलेला असतो. त्याकडे ढुंकूनही पाहू नये. फोटो काढावा तो वेणीवाल्याचाच.

माझ्या स्वतःच्या फाटकाची परीक्षा मी याच शास्त्रशुद्ध रीतीने केली होती आणि दोन पावसाळे अत्यंत समाधानात काढले. तिसऱ्या वर्षी वरच्या बिजागरीजवळ रंगाला फुगवटा आला म्हणून किल्लीने सहज टोकरले, तर लांबीची खपली निघाली आणि आत रॉडचा एक तुकडा आडवा निजलेला दिसला. पाइप बोटाच्या पेराएवढा आखूड कापला गेला होता. फट भरायला कारागिराने वापरलेल्या रॉडचे थोटूक आत सरकवून वरून टाके मारले होते. टाकाऊतून टिकाऊ हे तत्त्व मला मान्य आहे, फक्त ते बिजागरीला लावलेले पाहून थोडे गहिवरून आले.

बिजागरीचा हिशेब खरे तर कोणी मांडू नये, कारण तो सोपा आहे. १०० किलोचे, दीड मीटर रुंदीचे फाटक १.२ मीटर अंतरावरच्या दोन बिजागऱ्यांवर टांगले, तर वजन खाली ओढते ते वेगळेच, शिवाय वरची बिजागरी खांबापासून सुमारे ६२ किलोंच्या ओढीने बाहेर खेचली जात असते. टोकाला ३० किलोचे एखादे मूल झोके घेऊ लागले की ही ओढ १०० किलोंवर जाते, तेही फाटक धडकन आपटण्याआधी. त्यामुळे वरच्या बिजागरीकडे पाहू नये. मधल्या नक्षीच्या फुलांकडे पाहावे. तिथे कसलाच भार नसतो आणि वेल्डिंग हमखास उत्तम असते.

त्याच पाइपाचे दोन तुकडे त्याच हाताने एका बाजूने जोडून घ्यावेत, शिकंज्यात धरून मूळ उघडेल अशा दिशेने हातोडीने वाकवावेत आणि आधी पाइप फाटतो की जोड सालीसारखा उलतो ते पाहावे, असाही एक प्रघात आहे. पाच मिनिटांत सगळे कळते, म्हणूनच तो टाळावा. इतका अविश्वास बरा नव्हे. फाटकाखाली वाकून, जिथे रॉड धरायचा होल्डर नीट पोहोचत नाही तिथे जोड चारही बाजूंनी फिरला आहे की तिसऱ्या बाजूलाच दमला आहे, हे तपासण्याचीही गरज नाही. उघड्या राहिलेल्या फटीतून पाणी पाइपात उतरेल, आतून गंजेल आणि वर्षभरात रंगावर नारिंगी ओघळ काढून आपली जागा स्वतःच दाखवील.

पुढे फाटक टोकाला खाली झुकेल, जमिनीवर अर्धवर्तुळ कोरील आणि पायाने उचलून लावण्याची आपल्याला सवय होईल. तेव्हा त्याच कारागिराला बोलवावे. तो जुना जोड कापायला किंवा रंग खरवडायला निघाला, तर त्याला थांबवावे. बहुधा तो निघणारच नाही. रंगावरच, धुराचा लोट काढत, तो जुन्या गोळ्यावर एक नवा गोळा चढवील, भोवतीचा रंग जळून काळा पडेल आणि त्यावर मारायला त्याच छटेची लहान डबी तो पिशवीतून काढील. तो हात वाळेपर्यंत तिकडे पाहू नये.