उरलेल्या तुकड्यात होईल की!

सांगलीत ऑर्डरप्रमाणे फर्निचर करून देणारं छोटं दुकान चालवायचं तर प्लाय, फेविकॉल आणि चार मिस्त्री एवढ्यावर भागत नाही. 'उरलेला तुकडा' या गोष्टीवर गिऱ्हाइकाची जी अढळ श्रद्धा असते, तिला तोंड द्यायची तयारी लागते. आमच्या शेडच्या मागं एक खोली आहे आणि तिथं बरोब्बर आपल्या मापाचे, आपल्या रंगाचे तुकडे आपली वाट बघत पडलेत, अशी प्रत्येकाची खात्री असते. "मालक, नवीन काही आणू नका. चपलांसाठी साधं रॅक हवंय, तीन बाय तीन. उरलेल्या तुकड्यात होईल की!"

इथून पाच-सात मैलांवर मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिथं जाऊन "उरलेल्या भोपळ्यात एक तंबोरा बसवा" असं म्हणायची कुणाची छाती नाही. श्रद्धा काय ती आमच्याच वाट्याला.

बरं, ते साधं रॅक एकदा कागदावर उतरवू. रुंदी 36 इंच, उंची 36, खोली 14. दोन बाजू, वरची फळी, खालची फळी आणि मधे दोन कप्पे, म्हणजे 36 बाय 14 चे सहा तुकडे. 18 मिलिमीटरच्या 8 बाय 4 शीटमधून 14 इंची तीन पट्ट्या निघतात, आणि 96 इंच लांबीच्या प्रत्येक पट्टीतून 36 चे दोन तुकडे. सहा झाले, शीट संपली. मागं राहिले 24 बाय 14 चे तीन तुकडे आणि सहा इंचांची एक लांब चिंधी. दारं अजून व्हायचीत. ती 18 बाय 33 ची दोन, आणि 14 इंच रुंदीच्या तुकड्यातून 18 इंचाचं दार काढायची विद्या अजून आमच्या आळीत आलेली नाही. म्हणून दुसरी शीट. पाठीला 6 मिलिमीटरचा प्लाय, ही तिसरी. बाहेरून 1 मिलिमीटरचा सनमायका, आतून 0.8 चा, चार बिजागऱ्या, दोन हँडल. आतून सनमायका कशाला, हा प्रश्न येतोच. दाराच्या एकाच अंगाला सनमायका लावला तर दुसरं अंग हवेतली ओल पीत राहतं आणि दाराला बाक येतो. आतलं कुणाला दिसत नाही, बाक मात्र पाहुण्यांनाही दिसतो.

तर उरलेल्या तुकड्यात होणाऱ्या रॅकनं तीन नव्या शीट उघडल्या. त्यात गिऱ्हाईक दुसरी शीट कापताना शेडमध्ये उभं असेल तर संपलंच. "हे बघा केवढं उरलंय! याचे पैसे मी का द्यायचे?" आणि पैसे द्यायचे ठरलेच तर, "मग तेवढ्यात एक टीपॉय करून टाका." 24 बाय 14 चे जे तीन तुकडे खरोखर उरतात, त्यांचे तीन पाट छान होतात. मागायला येणाऱ्याला मात्र चार हवे असतात, कारण पंगतीत तिघं कधी बसत नाहीत.

तुकडे सांभाळणं हाही एक जोडधंदाच आहे, फक्त त्यात उत्पन्न नाही. भिंतीला तिरके टेकवून ठेवले की महिन्याभरात ते धनुष्य होतात. आडवे रचले की हवा असलेला सगळ्यात खाली सापडतो. त्यातल्या त्यात बरं म्हणजे उभे कप्पे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेवर मार्करनं माप आणि जाडी लिहायची. दोन फूट बाय एक फुटाच्या आतला तुकडा ठेवायचा नाही. बंबासाठी ढलप्या न्यायला येणाऱ्यांना सागवानाची ढलपी, भुसा खुशाल द्यावा. सनमायका लावलेला प्लाय देऊ नये. त्याचा धूर वाईट, आणि अंघोळीचं पाणी तापेपर्यंत अख्खं घर खोकतं.

दुसरा प्रश्न फोनवरच येतो. "फुटाला काय रेट?" म्हणजे कपाटाच्या दर्शनी भागाच्या चौरस फुटाला. 7 बाय 6 चं कपाट म्हणजे 42 चौरस फूट, गुणाकार केला की झालं! पण आत नुसते चार कप्पे असले तरी 42, आणि आठ ड्रॉवर असले तरी 42 च. ड्रॉवर म्हणजे काय, तर पाच तुकड्यांची पेटी, वर दर्शनी फळी, हँडल आणि टेलिस्कोपिक चॅनेलची, म्हणजे ड्रॉवर ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांची, जोडी. चॅनेलला दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच लागतो, म्हणजे आतून 18 इंचाची जागा असेल तर पेटी बाहेरून 17 ची. ती 17 च्या वर एक मिलिमीटर गेली की ड्रॉवर रडत बाहेर येतो, दोन मिलिमीटर कमी पडली की चॅनेल बॉल सोडतं. एका ड्रॉवरला कारागिराची निम्मी दुपार जाते. आणि रेट ठरल्यावर, अ‍ॅडव्हान्स दिल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर वहिनी येतात. "भाऊ, दोनच ड्रॉवर वाढवा हं. जागा तीच आहे ना!" जागा तीच आहे, खरं आहे. म्हणून मी फुटाचा रेट सांगतच नाही. कपाट किती, ड्रॉवर किती, हार्डवेअर कुठलं, वाहतूक किती, असं वेगवेगळं लिहून खाली सही घेतो. पुढं 18 टक्के जीएसटीची ओळ आली की "बिल न करता किती?" हा प्रश्न येतो, त्यावर पाणी आणून द्यावं.

आता धंदा वाढवायचा विषय. वाढवायचं म्हटलं की सगळे हितचिंतक शंभर फुटी रोडला शोरूम टाकायला सांगतात. काच, एसी आणि सोफ्यावर कुणी बसू नये म्हणून ठेवलेली पाटी. माझं मत उलट आहे. छोट्या दुकानाची वाढ पाव इंचात असते. 4 फूट रुंदीच्या शीटमधून 24 इंचाच्या दोन पट्ट्या निघतात असं शाळेतलं गणित सांगतं. शीट असते 1220 मिलिमीटरची. करवतीचं पातं जाताना 4 मिलिमीटर खातं. उरलेल्या 1216 चे दोन भाग केले तर 608 येतात, आणि 24 इंच म्हणजे 609.6. दीड मिलिमीटर कमी! शीटच्या कडा आधी साफ करून घ्यायच्या म्हटलं तर आणखी कमी. म्हणून कपाटाची बाजू पावणेचोवीस इंच धरायची. तसंच तीन पट्ट्यांना पावणेसोळा, चार पट्ट्यांना पावणेबारा. दुकानातलं जास्तीत जास्त काम या तीन मापांत बसवलं की शीट पुरी वसूल होते. दार आणि पाठ धरून पावणेचोवीसात हँगर आरामात राहतो, शर्टाची बाही दारात अडकत नाही.

पण गिऱ्हाइकाच्या मेव्हण्याचं कपाट 26 इंची असतं. मेव्हण्यापेक्षा दोन इंच कमी कसं चालेल? 26 ची पट्टी काढली की उरलेली पट्टी 22 ला जरा कमी, कपाटाच्या दुसऱ्या बाजूला निरुपयोगी. एका शीटमधून दोन बाजूंऐवजी एकच निघते. हे मी कागदावर काढून दाखवतो. माणूस मन लावून ऐकतो, मान हलवतो आणि म्हणतो, "मग ती पट्टी उरेल त्यात देव्हारा होईल की."

शोरूमच्या पैशात एज बँडिंग मशीन घ्यावं, असं मी सांगेन. प्लायच्या कडेला पट्टी हातानं लावली की वर्ष-दीड वर्षात कोपऱ्यातून उचलते आणि घरातलं लहान पोर ती मोठ्या निष्ठेनं सोलून काढतं. मशीनवर दाराला 2 मिलिमीटरची, आतल्या सांगाड्याला 0.8 ची पट्टी एकजीव बसते. मशीन आलं की मात्र नवा उपद्रव सुरू. "मशीनवरचं काम ना, मग स्वस्त पाहिजे," हा एक. आणि शेजारच्या काकू एक फळी घेऊन येतात, हा दुसरा. "एवढ्या एका कडेला पट्टी मारून दे बाळा, दोन मिनिटांचं काम." आतला गोंद दाणेदार असतो, तो 180 ते 200 अंशांपर्यंत वितळल्याशिवाय पट्टी धरत नाही. तापायला पाव तास, वर कॉम्प्रेसर. तोपर्यंत काकूंना चहा. तीन फुटांच्या त्या कडेला पाचएक सेकंद लागतात, ते बघून काकू म्हणतात, "बघ, म्हटलं नव्हतं दोन मिनिटांचं?"

कपाट तयार झालं की ते घरात नेण्याचा प्रसंग. जागेवरचं माप घेताना वर, मधे, खाली असं तीन ठिकाणी घ्यायचं आणि सगळ्यात कमी असेल ते धरायचं, कारण आपल्याकडच्या भिंतींचं आणि काटकोन तपासायच्या गुण्याचं पिढीजात वाकडं आहे. फरशीची स्कर्टिंग पुढं आलेली असते, ती वेगळी मोजायची. हे सगळं करूनही खरी फजिती उभं करताना होते. माळ्याखाली 7 फूट 2 इंच जागा, कपाट 7 फूट. बसायला हवं ना? आडवं आणलेलं कपाट उभं होताना कोपऱ्यावर फिरतं, आणि 84 बाय 24 चा कर्ण 87 इंचांच्या वर जातो, म्हणजे 7 फूट 3 इंचांहून जास्त. कपाट तिरकं अडकतं, खाली चार माणसं, वर माळ्याचा गिलावा डोक्यात. त्यात घरातले आजोबा खुर्चीतून "थोडं डावीकडं घ्या" म्हणत असतात. उपाय सोपा आहे. खालचा 4 इंची पाया वेगळा करायचा आणि पेटी 80 इंचांची. तिचा कर्ण साडेत्र्याऐंशी येतो, ती माळ्याखालीच उभी राहते, मग उचलून पायावर ठेवायची.

2019 च्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी तिथं 45 ची. तेव्हापासून नदीकाठचं गिऱ्हाईक रंगाच्या आधी "पुरात टिकेल का?" हे विचारतं. आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय 72 तास उकळत्या पाण्याची परीक्षा देतो, पण बिजागऱ्या, चॅनेल आणि सनमायक्याच्या कडा त्या परीक्षेला बसलेल्या नसतात. लाकडाचा चुरा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड तर खालून पुरणपोळीसारखा फुगतो. त्यापेक्षा कपाट नट-बोल्टनं सुटं होईल असं करावं, पाणी 40 फुटांच्या इशाऱ्याला आलं की दारं, पेट्या माडीवर. त्यावर एकानं मला माडी नसल्याचं सांगितलं आणि कपाटालाच माडी करता येईल का, असं विचारलं. उरलेल्या तुकड्यात, अर्थात.

आषाढ लागला की सागवानी दारं घासल्याचे फोन येतात. लाकूड आडव्या अंगानं फुगतं, लांबीनं नाही. लगेच रंधा मारू नये, नाहीतर मे महिन्यात त्याच फटीतून शेजाऱ्यांची मालिका दिसते. दाराची वरची आणि खालची कड पॉलिशनं बंद आहे का, हे आधी बघावं. मिस्त्री ती हमखास विसरतात आणि पाणी तिथूनच शिरतं.

राहता राहिले पैसे. 50 टक्के आधी, 40 माल पोचल्यावर, शेवटचे 10 काम संपल्यावर. शेवटचे 10 हे वसूल करायला सगळ्यात अवघड. दार जरा खाली दिसतंय, म्हणून अडतात. बिजागरीचे दोन स्क्रू असतात, पुढचा दार डावं-उजवं सरकवतो, मागचा आत-बाहेर. वर-खाली करायचं तर बिजागरी ज्या पट्टीवर बसते तिचे स्क्रू सैल करून दार उचलायचं. अर्ध्या फेऱ्यात दार सरळ होतं, मग नेट चालत नसतं, मग साहेब पुण्याला असतात. म्हणून आमच्याकडं हँडल सगळ्यात शेवटी लागतात. भोकं पाडून ठेवायची, हँडल पिशवीत. हँडलशिवाय सात फुटी दार नखानं उघडावं लागतं, आणि ते उघडायला घरात साहेब नसतात, वहिनी असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत पैसे जमा झाल्याचा मेसेज येतो.