फुकट ऐकवलेल्या आरतीचा धनी कोण?

गणपतीच्या चवथीला आठवडा उरलेला असताना आमच्या आरती मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक संदेश आला, आणि तो पाठवणारे माझे सख्खे काका होते. संदेशाचा सारांश असा: इंटरनेटवर जे संगीत फुकट ठेवले, त्यावरचा हक्क ठेवणाऱ्याने सोडला, तीस सेकंदांपर्यंतचा तुकडा कोणीही वापरू शकतो, खाली ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ असे लिहिले की तक्रार टिकत नाही, देवाच्या गाण्यांना कॉपीराइट नसतोच, आणि नोंदणी व वकील असल्यावाचून कलाकाराला काही करता येत नाही. एरवी असल्या मजकुराकडे मी दुर्लक्ष करतो. परंतु काकांनी त्याखाली माझ्या भाच्यासाठी ‘बाबू, सोडून दे आता’ असे लिहिले आणि तो खरोखरच सोडून द्यायला निघाला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

प्रकरण असे आहे. भाच्याने गेल्या चवथीला गोव्यातल्या फोंड्याच्या घरी, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून, दोन घुमटे (कातडे ताणलेली मातीची वाद्ये), एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कासाळे (झांजा) एवढ्या साथीवर एक आरती ध्वनिमुद्रित केली. घुमटाला आता घोरपडीऐवजी बकऱ्याचे कातडे असते आणि पावसाळी हवेत ते उतरते, त्यामुळे मधे मधे घुमट शेकून घ्यावे लागत होते. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी कासाळ्याचा एक ठोका चुकला; तो त्याने तसाच राहू दिला. ते मुद्रण त्याने स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर आणि इंटरनेट आर्काइव्ह या खुल्या संग्रहावर ठेवले आणि त्याला क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे आपली कृती ठरावीक अटींवर सर्वांना वापरू देणारा तयार परवाना जोडला, ज्याच्या अटी तीन: श्रेय द्या, त्यावर पैसे कमावू नका, बदललेले रूप पसरवू नका. एका भक्तिगीतांच्या चॅनेलने तेच उचलून त्यावर फिरता दिवा आणि पाकळ्यांचा पाऊस चढवला, भाच्याचे नाव गाळले आणि जाहिराती लावल्या. एवढ्यावरही भागले नाही. त्यांनी ते एका वितरकामार्फत यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेत, म्हणजे नोंदवलेले गाणे कोणाच्या व्हिडिओत आहे ते आपोआप शोधणाऱ्या व्यवस्थेत, स्वतःचे म्हणून नोंदवले, आणि भाच्याच्या मूळ व्हिडिओवरच हक्काचा दावा येऊन पडला.

आता ‘फुकट ठेवले म्हणजे हक्क सोडला’ या विधानाकडे पाहू, कारण सर्वांत जास्त नुकसान याच विधानाने होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि सोडायचा तर तशी सूचना कॉपीराइट रजिस्ट्रारकडे अथवा जाहीरपणे द्यावी लागते. डाउनलोडचे बटण ठेवल्याने यांपैकी काहीही घडत नाही. शेजाऱ्याला आपल्या बांयचे (विहिरीचे) पाणी भरू दिले म्हणून बांय त्याच्या नावावर चढत नाही, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. मुळात क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना कॉपीराइटच्याच जोरावर उभा असतो, कारण हक्कच नसेल तर अटी कोण घालणार? या परवान्याच्या ४.० आवृत्तीचा मजकूर काकांनी एकदा वाचावा. त्याच्या पहिल्याच कलमात असे म्हटले आहे की संगीत किंवा ध्वनिमुद्रण चालत्या चित्राशी वेळ जुळवून जोडले की ते नेहमीच ‘बदललेले रूप’ धरले जाईल. म्हणजे तो फिरता दिवा हाच अटीचा भंग आहे, नाव गाळणे आणि जाहिराती लावणे हे दोन भंग निराळेच. आणि अट मोडताच परवाना आपोआप संपतो, असेही त्याच मजकुरात आहे. कंटेंट आयडीबद्दल बोलायचे तर, ज्यावर एकट्याचा हक्क आहे असेच साहित्य तिथे नोंदवता येते, हा यूट्यूबचा स्वतःचा नियम आहे. ज्याचा परवाना साऱ्या जगाला दिला आहे, ते मुद्रण भाच्यालाही तिथे नोंदवता येत नाही. मग उचलणाऱ्याला कुठून येणार?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना क्रिएटिव्ह कॉमन्सचा जो एकच पर्याय मिळतो, तो फक्त श्रेयाची अट असलेला आहे. भाच्याने तो घेतला नव्हता; मंडळातल्या दुसऱ्या एका मुलाने मात्र ‘फुकटच तर द्यायचे आहे’ म्हणून तो निवडला होता. त्याचे वादन कोणी नाव देऊन पुन्हा चढवले आणि त्यावर पैसेही मिळवले, तर त्याला तक्रार करता येणार नाही, आणि दिलेली मुभा मागेही घेता येणार नाही. संदेशाला खरेपणाचा जो वास येतो तो अशा प्रकारांमुळे.

तीस सेकंदांचा नियम भारतीय कायद्यात कुठेही नाही, आणि ‘हेतू नाही’ या ओळीबद्दल काय लिहावे? पाकीट मारून ‘चोरीचा हेतू नव्हता’ अशी चिठ्ठी मागे ठेवावी, तशी ती ओळ आहे. उलट गाणे दुसऱ्याचे आहे हे आपल्याला ठाऊक होते, याची ती लेखी कबुलीच ठरते.

देवाच्या गाण्यांविषयी अर्धे सत्य आहे. जुन्या आरतीचे शब्द आणि परंपरागत चाल सर्वांची आहे; तीच आरती काकांनी आपल्या घुमटावर म्हणावी, ध्वनिमुद्रितही करावी. परंतु त्या विशिष्ट मुद्रणावरचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. धार्मिक विधीत गाणे वाजवायला कायद्याने सूट दिली आहे, हेही खरे. लग्नसमारंभांतील संगीताबाबत गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याच सवलतीच्या आधारे परिपत्रक काढले होते आणि उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते त्याच वर्षी रद्द केले, म्हणून बहुधा या विषयावर इतका गोंधळ माजला असावा. मात्र ती सूट विधी चालू असतानाची आहे. आपल्या चॅनेलवर जाहिराती लावून दुसऱ्याचे मुद्रण चढवणे हा कुठल्याच देवाचा विधी नव्हे.

राहिला नोंदणीचा प्रश्न. भारतात कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक आहे. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. मुद्रण हटवण्यासाठी यूट्यूबचा अर्ज विनाशुल्क असतो आणि तो हक्कधारकाला स्वतःच भरता येतो. खोटे लिहिल्यास अंगाशी येते, एवढे लक्षात ठेवावे. भाच्याने परवा रात्री जेवणानंतर तो भरला आणि कंटेंट आयडीच्या दाव्यावर वेगळा आक्षेपही नोंदवला, ज्याला उत्तर द्यायला दावेदाराला तीस दिवस मिळतात. आक्षेपाच्या रकान्यात त्याने परवान्याचा दुवा दिला, आणि त्याखाली कासाळ्याचा ठोका कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला चुकतो ते लिहिले. तो ठोका दोन्ही व्हिडिओंत त्याच ठिकाणी चुकतो.