लाखेच्या तबकडीला लाख मिळत नाहीत

गेले काही दिवस नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की घरातली जुनी रेकॉर्ड लाखाला जाते. जितकी जुनी तितकी महाग. लेबलवर एचएमव्हीचा कुत्रा असेल तर आणखी भाव. हे भाव इथून पुढे चढतच जाणार. आणि विकण्याआधी स्पिरिटने पुसून चकचकीत करा.

मी २५ वर्षं रेकॉर्ड जमवतोय. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात गोणपाटावरून उचलल्यात, पाडायला काढलेल्या वाड्यांतून खोकी घरी आणलीत. या मेसेजपायी चांगला माल नासताना बघवत नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी शेवटचा सल्ला घेतो, कारण तो कुणीतरी आज रात्रीच करून बघेल. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्ड लाखेच्या असतात. सुतार पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवतात तीच लाख. दही पुलाजवळच्या एका काकूंनी बालगंधर्वांच्या पदाची रेकॉर्ड सॅनिटायझरने पुसली. कापूस काळा झाला. मला दाखवताना म्हणाल्या, "अरे, मळ निघतोय असं वाटलं, म्हणून आणखी चोळलं." निघत होती ती रेकॉर्डच. उजेडात तिरकी धरली तर निम्म्या भागातल्या रेघा सपाट झालेल्या, हाताला किंचित चिकट लागणाऱ्या. तिच्यावर आता सुई नुसती घसरते. ७८ ची रेकॉर्ड साध्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसावी, लेबल कोरडं ठेवावं आणि लगेच टिपून घ्यावी. याहून जास्त काही करू नका.

"जितकी जुनी तितकी महाग." हे सगळ्यात खोटं. भारतात तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण १९०२ साली सुरू झालं, कलकत्त्यात; गायिका गौहर जान त्या पहिल्या आवाजांपैकी एक. त्या अगदी सुरुवातीच्या तबकड्यांना जाणकार गिऱ्हाईक आहे, हे कबूल. पण आपल्या माळ्यावर सहसा त्या नसतात. असतात त्या नंतरच्या, घरोघरी खपलेल्या नाट्यपदांच्या आणि सिनेगीतांच्या ७८. एका बाजूला तीनेक मिनिटांचं गाणं. त्या वाजवायच्या कशावर? आजच्या बऱ्याच नव्या प्लेअरवर ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. शिवाय ७८ ची खाच एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या, जास्त वेळ वाजणाऱ्या विनाइल (प्लॅस्टिक) रेकॉर्डच्या खाचेच्या जवळपास तिप्पट रुंद, त्यामुळे एलपीची सुई तळाशी जाऊन नुसती खरखरते. वाजवणारे कमी म्हणून घेणारेही कमी. शास्त्रीय गायक द. वि. पलुस्करांचं बालपण नाशिकचं. ते १९५५ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी गेले. त्यांच्या ७८ मला इथल्या वाड्यांत काही शेकड्यांत मिळाल्यात. मी त्या जिवापाड जपतो, पण त्यांचे लाख होतात असं कुणाला सांगणार नाही.

याच्या उलट उदाहरण १९८२ चं. चरणजित सिंग यांनी सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. तेव्हा ती एलपी फारशी खपली नाही, म्हणून प्रती थोड्या राहिल्या. पुढे परदेशातल्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या शौकिनांना शोध लागला, की त्यांच्याकडच्या ॲसिड हाउस नावाच्या नाचाच्या संगीतासारखा आवाज या माणसाने आधीच काढून ठेवलाय. २०१० साली ती नव्याने निघाली. आज मूळ प्रतीसाठी लोक झुरतात. वयाने ती काकूंच्या रेकॉर्डपेक्षा कितीतरी लहान आहे. प्रती किती उरल्या आणि मागणारे किती, यावर भाव ठरतो.

कुत्र्याचं काय? एचएमव्हीच्या छापाने रेकॉर्ड काढणारी ग्रामोफोन कंपनी, म्हणजे आजची सारेगामा, हिचा आपल्या बाजारावर इतका वरचष्मा होता की तो कुत्रा जवळपास प्रत्येक खोक्यात सापडतो. बघायचंच असेल तर शेवटचं गाणं संपल्यावर लेबलाभोवती जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर कोरलेला नंबर बघा. एकाच कव्हरात पहिली छपाई आणि नंतरची छपाई दोन्ही मिळतात. त्या ओळखायला हा नंबर उपयोगी पडतो.

रेकॉर्डच्या अवस्थेबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही, आणि आमच्या गावात तोच कळीचा मुद्दा. १९६९ चा पूर, २००८ चा पूर. सराफ बाजारापर्यंत पाणी चढलेलं. तिथल्या एका घरातून आलेल्या एलपींच्या कव्हरांवर सगळ्यांवर एकाच उंचीला तपकिरी रेघ होती, ओळीत उभ्या होत्या तशी. आतली रेकॉर्ड धुऊन वाजते, पण कव्हर गेलं की भावही पडतो. पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळे काढलेली एलपी तर पापडासारखी लहरते. परदेशी दर्जायादीत 'गुड' लिहिलेली रेकॉर्ड प्रत्यक्षात बरीच झिजलेली असते, हेही विकणाऱ्याला ठाऊक हवं.

"भाव चढतच जाणार." कॅसेट आणि मग सीडी आली तेव्हा याच रेकॉर्ड लोकांनी रद्दीत घातल्या. अमेरिकेत २०२२ साली विनाइलच्या प्रती सीडीहून जास्त खपल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. बातमी खरी आहे, पण ती नव्या छपाईची. तिकडे नवी एलपी महाग विकली जाते म्हणून इथली चरे पडलेली एलपी वर जात नाही. साध्या हिंदी सिनेमाच्या एलपीला मी आजही सहसा हजाराच्या आत देतो, आणि घासाघीस न करता देतो.

मेसेजसोबत एक स्क्रीनशॉट फिरतोय, त्यात रेकॉर्डची किंमत लाखाच्या घरात दिसते. ती विकणाऱ्याने नुसती लावलेली किंमत आहे. रेकॉर्डची खरेदी-विक्री होते अशा डिस्कॉग्जसारख्या वेबसाइटवर ती रेकॉर्ड आधी कितीला विकली गेली हेही दिसतं. तो आकडा बघा आणि आपल्या प्रतीचा नंबर त्या प्रतीशी जुळवा. तोवर खोकं माळ्यावरून खाली आणा, रेकॉर्डची थप्पी मोडा आणि त्या भिंतीच्या सावलीत उभ्या लावा.