‘चांगली’ हे माप नाही

घर विकायला काढलं, गिऱ्हाईक मिळालं, टोकन आलं. मग शनिवारी गिऱ्हाइकाचे मावसकाका आले. खिशात टेस्टर.

चहा विचारला, तर म्हणाले, “आधी मेन कुठून बंद होतो ते दाखवा.” मेन पाडून त्यांनी गिझरच्या सॉकेटचे स्क्रू काढले, आत डोकावले आणि भलतेच खूश झाले.

“हे काय?”

“अर्थिंग.”

“ही न्यूट्रल आहे हो. तिथूनच अर्थच्या पिनला तुकडा जोडलाय. उद्या मागे कुठे न्यूट्रल तुटली, की गिझरच्या पत्र्यावर २३० व्होल्ट. ऐन आंघोळीत.” ‘आंघोळीत’ त्यांनी फार चवीनं म्हटलं. “वायर किती एमएमची?”

“चांगली आहे.”

“चांगली हे माप नाही. ही दीडची, दिव्यांची. तीन किलोवॉटचा गिझर तेरा अँपिअर ओढतो. चारची हवी, निदान अडीचची. आणि वर एमसीबी, जादा करंट आला की पडणारी, ती ३२ अँपिअरची! ती पडायच्या आधी वायर जळेल. म्हणजे एमसीबी वाचवायला वायर ठेवलीय तुम्ही.”

वायरमनला फोन लावला. “दादा, नऊ वर्षांत काही झालं का? मग?” टेस्ट रिपोर्टचं विचारलं तर म्हणाला, “ओळखीत कसला कागद?”

नियमानं हे काम परवानाधारक ठेकेदाराचं. सूट आहे ती बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच तसाच बदलण्यापुरती. म्हणजे नऊ वर्षांत मी बदललेले बल्ब तेवढे कायदेशीर. आता परवानावाला म्हणतो, ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावतो, एक मेगओहमच्या वर दाखवलं तरी इन्सुलेशनच कळेल. भिंतीत जोड कुठे मारलेत ते नाही. सही हवी तर वायर नवी ओढायची. पाऊण इंची पाइपात आधीच इतक्या वायरी कोंबल्यात की नवी वळणावर अडणार, म्हणजे भिंत फोडा.

त्यात बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा घेऊन आला. त्यात माझी छोटी बेडरूम म्हणजे बाल्कनी. तिथला एसी पॉइंट हे नसलेल्या खोलीतलं विनापरवाना वायरिंग. आर्किटेक्ट म्हणतो, सुधारित नकाशा टाकू, पण एफएसआय, म्हणजे प्लॉटवर बांधकामाची जेवढी मुभा आहे ती, शिल्लक असेल तर. नाहीतर भिंत पाडून बाल्कनी पूर्ववत करा. ही बाल्कनी बिल्डरनंच जादा पैसे घेऊन बंद करून दिली होती, सगळ्या मजल्यांवर. त्याला कोणी टेस्टर लावत नाही.

“तेवढे भावातून वजा करा,” असं म्हणून काकांनी चहा घेतला, दोन चमचे साखर घालून. सॉकेट लोंबकळतच सोडलं, स्क्रू बेसिनवर. ते मी बसवले तर चालतं का, हे विचारायचं राहिलं.